चिनी गुंडाळीवरचं कुंकू

ज्या आठवड्यात सासूबाईंना पुण्याला पाठवायचं ठरलं, त्याच आठवड्यात आमच्या घरी ती चिनी गुंडाळी आली. दोन्ही गोष्टी माझ्या नवऱ्यानं जमवलेल्या, आणि दोन्हींबद्दल तो सारख्याच उत्साहानं बोलत होता. सासूबाईंसाठी त्यानं पुण्याबाहेर एक 'सीनियर लिव्हिंग' शोधून काढलं होतं. वृद्धाश्रम म्हटलं की तो चिडायचा. "अगं, रिसॉर्ट आहे ते. फिजिओ आहे, लायब्ररी आहे, रोज संध्याकाळी भजन आहे. वेटिंग लिस्ट असते तिथं, वेटिंग लिस्ट." माहितीपत्रकात पांढऱ्या केसांची माणसं सायकली चालवत हसत होती. सासूबाईंचं वय एक्क्याऐंशी. त्यांनी जन्मात सायकल चालवली नव्हती आणि आता तिथं जाऊन शिकतील अशी काही लक्षणं दिसत नव्हती.

त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी साफ सांगून टाकलं, "मला नाही जायचं. तिथं सगळे माझ्यासारखेच म्हातारे असणार. मला त्यांच्यात काय करायचंय? मला तुमच्यात राहू दे."

"आई, ट्राय तर करून बघ," नवरा म्हणाला. टाइल्सचं सॅम्पल क्लायंटच्या गळ्यात मारताना त्याचा जो आवाज असतो, तोच आवाज. सासूबाई उठल्या आणि देवासमोर जाऊन बसल्या.

मला वाईट वाटलं. आमचं सासूसुनेचं फार गूळपीठ आहे असं नाही. माझ्या पोळ्यांबद्दलची त्यांची मतं लग्नाच्या पहिल्या आठवड्यात बनली ती अजून तशीच आहेत. पण सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे शारजाला आल्या तेव्हापासून रोज सकाळी आम्ही दोघी खिडकीशी बसतो आणि समोरच्या इमारतीतल्या लोकांची मनसोक्त निंदा करतो. मी कंपनीचे हिशेब घरूनच बघते, नवरा सकाळी दुबईच्या दिशेनं निघतो तो रात्रीच उगवतो, मुलगी नोकरीसाठी दुबईतच राहते. एवढ्या वर्षांत या देशात माझ्याबरोबर इतक्या मन लावून निंदा करणारं दुसरं कोणी मला भेटलेलं नाही. त्या गेल्या तर मी कोणाशी बोलणार, हा माझाही स्वार्थ होताच.

पाठवण्याची कारणं नवऱ्यानं तीन सांगितली: व्हिसा, विमा आणि हवा. खरं कारण चौथं होतं आणि ते लाल रंगाचं होतं.

सासरे गेले तसं सासूबाईंनी स्वतःच्या कपाळाला कुंकू लावायचं सोडलं. मी सांगून पाहिलं, मुलीनं सांगून पाहिलं, त्या ऐकेनात. हाताची सवय मात्र जाईना. मग घरात जी नवी वस्तू येईल तिला त्या हळदकुंकू लावू लागल्या. फ्रिजला लावलं, डिशवॉशरला लावलं, ऑफिससाठी आणलेला प्रिंटर दोन दिवस घरी होता तर त्यालाही लावलं. नवी गाडी आली तेव्हा तर नवऱ्यानंच बॉनेटपुढे नारळ ठेवून त्यांना हाक मारली होती. याला कोणाची ना नव्हती, आपल्याकडे लावतातच. पंचाईत झाली ती नवरा घरात कला आणायला लागला तेव्हा. दिवाणखान्यात त्यानं स्टीलचं एक वाकडंतिकडं शिल्प आणून उभं केलं. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं, वर एक जास्वंदीचं फूल ठेवलं. त्या संध्याकाळी आलेल्या आमच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी शिल्पासमोर हात जोडले आणि हळूच मला विचारलं, "हे कुठलं दैवत?" नवऱ्यानं ते ऐकलं. पुण्याचं माहितीपत्रक त्यानंतर थोड्याच दिवसांत घरात आलं.

नवरा कलासंग्राहक कसा झाला हेही सांगायला हवं. त्याचा धंदा इंटिरिअर फिट-आउटचा. जिप्समच्या भिंती, फॉल्स सीलिंग, सुतारकाम. दुबईतल्या एका गॅलरीच्या भिंती त्यानं बांधल्या आणि उद्घाटनाचं आमंत्रण आलं म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून गेला. तिथं तो एका चित्रासमोर बराच वेळ मान वाकडी करून उभा राहिला. मला माहीत आहे तो काय बघत होता. चित्रामागची भिंत ओळंब्यात आहे की नाही, हे बघत होता. पण शेजारी उभ्या असलेल्या बाईंना वाटलं की हा माणूस चित्रात बुडाला आहे. त्यांनी विचारलं, तुम्ही कलेक्ट करता का? नवरा म्हणाला, "ट्राय करतोय." ती बाई मूळची बेरूतची, आणि श्रीमंत लोकांनी कुठली चित्रं घ्यावीत हे सांगायचा तिचा व्यवसाय. ट्राय करणाऱ्यांवर तिचं घर चालत असावं. आमच्या भिंती भराभर भरू लागल्या. आमंत्रणपत्रिकांवर आम्हा दोघांचा उल्लेख 'कलेक्टर्स' असा यायला लागला, आणि नवरा त्या पत्रिका फ्रिजवर लावून ठेवू लागला.

चिनी चित्रकार त्या बाईंमुळेच ओळखीचा झाला. पन्नाशीचा, किडकिडीत, कमी बोलणारा माणूस. दुबईतल्या एका कलासंस्थेनं त्याला काही महिने राहून काम करायला बोलावलं होतं. त्याला एक लांबलचक चित्र काढायचं होतं, कापडाच्या ठाणासारखं गुंडाळून ठेवायचं, आणि सगळा कागद एकदम डोळ्यांसमोर पसरलेला हवा होता. संस्थेतलं टेबल पुरेना. नऊ मीटर कागद मावेल असं टेबल शेवटी सापडलं शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, आमच्या सुतारकामाच्या शेडमध्ये, जिथं फळ्यांवर व्हिनीअर चिकटवतात. सुट्टीच्या दिवशी करवती बंद असल्या की तो तिथं जायचा, टेबलावर जाड लोकर अंथरायचा आणि काम करायचा. मी डबा पाठवत असे. पोळीभाजी तो सभ्यपणे खायचा, पण लसणाच्या चटणीची बाटली त्यानं दोन आठवड्यांत संपवली, आणि रिकामी बाटली धुऊन, वर झाकण लावून परत पाठवली. माझ्या मनात त्याच्याबद्दल आदर निर्माण झाला तो तेव्हापासून.

चित्र पूर्ण झालं आणि एक दिवस त्यानं ते आम्हालाच देऊन टाकलं. रेशमी कापड लावलेल्या लांबट पेटीत गुंडाळी होती. तो चिनीत बोलायचा आणि त्याच्या फोनमधली एक कडक बाई ते इंग्रजीत सांगायची. "हे तुमच्या टेबलावर जन्मलं," बाई म्हणाली. "म्हणून तुमचं."

गुंडाळी उजवीकडून उघडायची. आधी फुजैराच्या बाजूचे उघडेबोडके डोंगर, नुसत्या शाईत, पण असे की बघताना घशाला कोरड पडावी. मग घाटातला रस्ता. मग वाळू, बरीचशी वाळू, म्हणजे बराचसा कोरा कागद. आणि मग शारजा-दुबईचा ट्रॅफिक जॅम. गाडीमागे गाडी, प्रत्येक गाडी दोनतीन फटकाऱ्यांची, तरी ट्रक कुठला आणि पिकअप कुठला हे कळत होतं. शेवटी क्रेन, त्याही धुळीत अर्ध्या बुडालेल्या. जुन्या चिनी चित्रांत जिथं ढग असतात तिथं यानं धूळ ठेवली होती. माझ्या नवऱ्याचं अर्धं आयुष्य त्या रस्त्यावर गेलं आहे, आणि ते कोणीतरी इतकं मन लावून बघितलं यानं मला भरून आलं. नवरा म्हणाला, "ही क्रेन आपल्या साइटवरची वाटते. बघ, बूम तसाच आहे."

लगेच त्यानं शेडमधल्या माणसाला फोन करून नऊ मीटरची फ्रेम करता येईल का विचारलं. चित्रकारानं हात हलवून नाही म्हटलं. ही भिंतीवर लावायची नसते. हातभर उघडायची, बघायची, तेवढी गुंडाळून पुढची उघडायची. चारपाच माणसांनी टेबलाभोवती बसून बघायची. आयुष्यभर भिंती बांधणाऱ्याला भिंतीवर न लागणारं चित्र मिळालं, याचं त्याला क्षणभर वाईट वाटलेलं मला दिसलं. पण पुढचं ऐकून त्याचा चेहरा उजळला. ज्याच्याकडे असं चित्र असतं तो त्यावर आपला लाल शिक्का उमटवतो, पुढच्या पिढीतला मालक त्याच्या शेजारी स्वतःचा. राजे लोक तर चित्रभर शिक्के मारत सुटायचे. म्हणून सुरुवातीला आणि शेवटी कोरा कागद ठेवलेला असतो.

शिक्का हा शब्द या देशात राहणाऱ्या माणसाला वेगळा समजवावा लागत नाही. इथं कंपनीचा शिक्का नसला तर तुम्ही जिवंत आहात हेसुद्धा कोणी मान्य करत नाही. नवऱ्यानं अत्यंत गंभीरपणे विचारलं, "कंपनीचा गोल शिक्का चालेल? त्यावर पी. ओ. बॉक्स नंबर आहे."

"बाबा, नो," मुलगी म्हणाली. "जस्ट नो."

मग चित्रकाराच्या ओळखीनं चीनमधून दगडी शिक्का कोरून घ्यायचं ठरलं. चित्रकार परत जायच्या आधी घरी एक संध्याकाळ करायची, बेरूतच्या बाईंना आणि दोन संग्राहक जोडप्यांना बोलवायचं, आणि त्यांच्या देखत नवऱ्यानं पहिला शिक्का मारायचा. त्या बेतात तो महिनाभर रमला होता. शिक्का आदल्या दिवशी कुरिअरनं पोचला. नवऱ्यानं तो घरातल्या सगळ्या बिलांच्या पाठीवर मारून सराव केला.

महिनाभर नवऱ्याच्या कपाटात बंद असलेली पेटी त्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलावर होती आणि मी स्वयंपाकघरात वड्यांचं सारण परतत होते. सासूबाई पूजा आटोपून बाहेर आल्या.

"हे काय आलंय गं?"

"गुंडाळी आहे, आई. भेट आलीये."

"कुणाची पत्रिका?"

"पत्रिका नाही हो, चित्र आहे."

सारण खाली लागेल म्हणून मी वळले. आता सासूबाईंची बाजूही समजून घ्यायला हवी. गुंडाळलेला लांब कागद त्यांनी आयुष्यात एकच पाहिला होता, जन्मपत्रिकेचा, आणि पत्रिका कोरी ठेवत नाहीत. मी हात पुसत बाहेर आले तेव्हा त्या पंचपाळ्याचं झाकण लावत होत्या. गुंडाळी हातभर उघडलेली होती. चित्र सुरू व्हायच्या आधीच्या त्या स्वच्छ, सायीच्या रंगाच्या कागदावर, बरोबर मध्ये, एक हळदीचं बोट आणि एक कुंकवाचं बोट. ओलं. शाई पिण्यासाठी केलेला तो कागद कुंकूही पिऊन बसला होता आणि कडा हळूहळू पसरत होत्या.

"झालं," सासूबाई समाधानानं म्हणाल्या. "कोरी कशी ठेवायची."

नवरा आतून आला, त्यानं बघितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खुर्चीवर बसला आणि एवढंच म्हणाला, "खलास." मग फोन काढून तिथंच, आईसमोर, पुण्याला लावला. "हां, ती रूम. नेक्स्ट मंथ कन्फर्म करा. हो, सिंगल ऑक्युपन्सी."

सासूबाईंना सगळं कळलं. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पुसून देऊ का रे?"

"नको," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

त्या आपल्या खोलीत गेल्या. थोड्या वेळानं मी गेले तेव्हा कपाट उघडं होतं आणि त्या पलंगावर साड्यांच्या दोन थप्प्या करत होत्या, एक न्यायची आणि एक इथं वाटून टाकायची. "ही तुला होईल," म्हणाल्या आणि एक इंदुरी साडी माझ्या पुढ्यात टाकली. मी साडी घडी घालून परत त्यांच्या थप्पीवर ठेवली.

संध्याकाळचा बेत रद्द करायची सोय नव्हती. नवऱ्यानं ठरवलं, सुरुवात उघडायचीच नाही, थेट डोंगरांपासून दाखवायचं. शिक्का शेवटाला मारायचा. "यल्ला, जाऊ दे, कोणाला कळणार आहे," तो मला म्हणाला, पण त्याचा हात खिशातल्या शिक्क्यावरून हलत नव्हता. पाहुणे आले, वडे झाले, टेबल पुसून झालं. आणि नवऱ्यानं पेटीला हात लावायच्या आधीच चित्रकार उठला, पेटी स्वतःकडे ओढली आणि दोन्ही हातांनी गुंडाळी उघडू लागला. चित्र त्याचं, कोण अडवणार? आधी रेशीम आलं. मग कोरा कागद. मग ती दोन बोटं.

चित्रकार थांबला. चेहरा कागदाच्या इतका जवळ नेला की मला वाटलं वास घेतोय. फोनमध्ये काहीतरी बोलला. कडक बाईनं विचारलं, "शिक्का आधीच कोणी मारला?"

बेरूतच्या बाईंनी चष्मा लावला. मी नवऱ्याकडे बघितलं. हा माणूस तीस वर्षं क्लायंटना भिंतीला गेलेली भेग दाखवून 'सर, हा एक्स्पान्शन जॉइंट आहे, मुद्दाम ठेवलेला' असं सांगत आला आहे, आणि अशा वेळी त्याच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट शांती येते. ती आली.

"धिस इज अवर फॅमिली सील," तो म्हणाला. "आमच्या ट्रॅडिशनमध्ये घरात आलेल्या वस्तूवर पहिली खूण घरातलं सगळ्यात मोठं माणूस करतं. विथ हँड. माय मदर."

यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि बोलणाऱ्याचा त्यातल्या एकाही शब्दावर विश्वास नव्हता.

"इंटरेस्टिंग," बेरूतच्या बाई म्हणाल्या. या शब्दाचे त्यांच्याकडे बरेच प्रकार होते आणि हा सगळ्यात वरचा होता. दोन्ही संग्राहक जोडपी पुढे वाकली. कुंकवाच्या मध्यभागी सासूबाईंच्या बोटाच्या रेषा स्पष्ट उमटल्या होत्या. बाई म्हणाल्या, दगड नाही, धातू नाही, प्रत्यक्ष शरीरच शिक्का आहे. हे त्यांनी दोनदा म्हटलं आणि दुसऱ्यांदा फोनमध्ये टाइप करत म्हटलं.

चित्रकाराला घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला भेटायचं होतं. मुलगी जाऊन आज्जीला घेऊन आली. सासूबाई घरच्या सुती साडीत, चष्मा कपाळावर चढवलेला, पुन्हा काय झालं म्हणून घाबरलेल्या. चित्रकार उभा राहिला आणि कमरेत वाकला. तो नमस्कार करतोय असं समजून त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी राहा."

"विचार आज्जीला," नवरा मुलीला म्हणाला, कारण चित्रकाराला पिवळ्या आणि लाल खुणेतला फरक हवा होता.

"आज्जी, हीज आस्किंग, व्हाय टू कलर्स?"

"आधी हळद, मग कुंकू," सासूबाई म्हणाल्या. "दुसरं काय सांगू त्याला?"

हेही बाईंनी टाइप केलं. त्यानंतर डोंगर, वाळू, जॅम आणि क्रेन सगळ्यांनी बघितलं, पण जरा घाईनंच, आणि बघून झाल्यावर पुन्हा सुरुवात उघडायला लावली. नवऱ्यानं शेवटी हळूच खिशातून शिक्का काढला. बाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, या खुणेनंतर त्या कागदावर दुसरी कुठलीही खूण चूक ठरेल. दगडी शिक्का तेव्हापासून आमच्या शोकेसमध्ये पडून आहे, त्यावर माझ्या नवऱ्याचं नाव चिनी लिपीत आहे, आणि ते त्यालाही वाचता येत नाही.

पाहुणे गेल्यावर नवरा घरभर फिरत राहिला. "आई कशी जाईल आता?" तो मला म्हणाला, जणू मीच पाठवत होते. बाईंनी हिवाळ्यात एक प्रदर्शन करायची कल्पना मांडली होती, त्यात 'आईची खूण' असलेली चित्रं. दुसऱ्या दिवशी त्यानं पुण्याला फोन केला. मला वाटलं रद्द करतोय. तो म्हणाला, "सध्या होल्डवर ठेवा. हो, इन्शाल्ला कळवतो." सासूबाई शेजारच्याच खुर्चीवर होत्या. रविवारी मुलगी आली तेव्हा त्यांनी तिला विचारलं, "होल्ड म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "मीन्स पॉज्ड, आज्जी. लाइक, नॉट येस, नॉट नो." सासूबाईंनी मान हलवली.

पुढचे काही महिने आमच्याकडे मोठी धमाल होती. नवऱ्याला 'प्रोव्हेनन्स' हा शब्द सापडला. वस्तू कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली त्याचा तो इतिहास. आंब्याची पेटी आली तरी तो तिचा प्रोव्हेनन्स विचारू लागला. ओळखीचे संग्राहक आपली नवी चित्रं घेऊन यायचे. कोणी फ्रेमच्या मागे, कोणी कॅनव्हासच्या कोपऱ्यात खूण मागायचं. सासूबाईंना खिडकीशी खुर्ची मांडली जाई. एकदा बाईंच्या सांगण्यावरून त्यांना नऊवारी नेसवली. सासूबाई जन्मभर पाचवारीतल्या, नऊवारी त्यांच्या आईची. तासभर त्या कासोटा सांभाळत, अंग चोरून बसून राहिल्या आणि फोटोत अतिशय प्राचीन दिसल्या. बाईंनी त्या 'पिगमेंट'ची माहिती मागितली. मी कळवलं: पिंजर, किराणा दुकानातून, डाळींच्या शेजारी मिळते.

आणि सासूबाईंनी जेवताना विचारायला सुरुवात केली, "नवीन काही घेतलंस का रे?"

नवरा हरखला. "बघ. या वयात आईला आर्टची गोडी लागली." तो त्यांना फोनवर चित्रं दाखवायचा आणि त्या प्रत्येकाला छान म्हणायच्या. काळ्या चौकोनालाही छान म्हणाल्या. ज्या बाईंनी माझ्या पोळ्यांना कधी छान म्हटलं नाही त्या काळ्या चौकोनाला म्हणाल्या, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

एका सकाळी खिडकीशी बसलेलो असताना त्यांनी विचारलं, "एका भिंतीवर अशी किती मावतात गं?"

"काय?"

"चित्रं."

"मोठी असली तर दोन. का?"

"आणि सगळ्या भिंती भरल्या की?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या समोरच्या इमारतीकडे बघत होत्या, पण त्या दिवशी कोणाची निंदा करत नव्हत्या. भिंती भरल्या की माझं काय, असं त्या विचारत होत्या. आपण कशावर इथं राहिलो आहोत हे त्यांनी त्या पहिल्या संध्याकाळपासून ओळखलं होतं आणि त्या हिशेबानं वागत होत्या. घरात आर्टची गोडी वगैरे कोणाला लागली नव्हती.

उन्हाळा आला. बेरूतच्या बाई नेहमीप्रमाणे थंड हवेच्या देशात निघून गेल्या. प्रदर्शनाचं नाव कोणी काढेना. नवऱ्यानं एक दिवस जाहीर केलं की या वर्षी आता खरेदी बंद, घरात जागाच नाही.

"जिन्यात आहे की जागा," सासूबाई पटकन म्हणाल्या. "तिथं बारकी बारकी लावता येतील."

"नाही गं आई, बास आता." आणि माझ्याकडे वळून, आवाज न बदलता, "पुण्याचं काय करायचं ते एकदा बघायला पाहिजे. कायम होल्डवर ठेवत नाहीत ते."

त्या दिवसापासून सासूबाईंचं जेवण कमी झालं. नवऱ्यानं त्याचं कारण हवा असं सांगितलं.

मी बाजारात गेले आणि एक विजेची किटली घेऊन आले. घरातली चांगली चालू होती. नवी स्टीलची, चकचकीत. खोका उघडून मी ती टेबलावर ठेवली. सासूबाई मेथी निवडत होत्या.

"आई, किटली आणलीये नवीन."

त्यांनी मान वर करून बघितलं आणि पुन्हा मेथीत घातली.

"पंचपाळं आणू का?"

"हिला कशाला?" त्या म्हणाल्या. "ही बघायला कोण येणारे?"

मला राग आला. इतका राग मला बऱ्याच वर्षांत आला नव्हता. नवऱ्याचा आला, त्या बाईंचा आला, वाकून वाकून फोटो काढणाऱ्या सगळ्यांचा आला. फ्रिजला लावताना यांना कधी कोणी बघायला लागत नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांची ती एक गोष्टही काढून घेतली होती, आणि वर टाळ्या वाजवल्या होत्या. मी फोन उचलला, माहितीपत्रकावरचा नंबर लावला आणि फोन टेबलावर मेथीशेजारी ठेवला, आवाज मोठा करून. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. मी नाव सांगितलं आणि ती रूम रद्द करा म्हटलं.

"मॅडम, होल्ड कॅन्सल केला तर परत वेटिंगला जाल. खूप मोठी वेटिंग आहे."

"चालेल."

"सरांशी बोलणं झालंय का तुमचं? बुकिंग त्यांच्या नावावर आहे."

"ज्यांना तिथं यायचं होतं त्या इथं माझ्यासमोर बसल्यात. त्या येत नाहीयेत. कॅन्सल करा."

की-बोर्डचा आवाज आला. "ओके मॅडम. डन. मेसेज येईल सरांना."

मी फोन बंद केला. सासूबाईंच्या हातात मेथीची काडी तशीच होती.

"त्याला न विचारता?"

"न विचारता."

"चिडेल तो."

"चिडू दे."

त्यांनी ती काडी निवडली. मग पुढची. जुडी संपेपर्यंत त्या निवडत राहिल्या. मग पाटी बाजूला सरकवून त्यांनी पदराला हात पुसले.

"आण इकडे ती किटली," त्या म्हणाल्या.

मी किटली धरली, त्यांनी आधी हळद लावली, मग कुंकू. स्टीलवर ते टिकेना, ओघळायला लागलं. त्यांनी बोटानं पुन्हा वर नेलं आणि क्षणभर दाबून धरलं.

"वाळेपर्यंत हात लावू नकोस," म्हणाल्या.